वॉर्सेस्टर लिहावं की वुस्टर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडच्या इतिहासावरच्या एका पुस्तकाचा मराठी अनुवाद चालू आहे आणि त्यात सेव्हर्न नदीकाठचं एक जुनं शहर पानोपानी येतं. इंग्रजीत त्याचं लेखन डब्ल्यू-ओ-आर-सी-ई-एस-टी-ई-आर. संपादक म्हणतात, ‘वॉर्सेस्टर’ लिहा, आपल्या वाचकाला तेच ओळखीचं आहे. अनुवादकाची भाची इंग्लंडमध्ये शिकते, ती म्हणते, असं इथं कुणीच म्हणत नाही, ‘वुस्टर’ म्हणतात. मग लिहायचं काय? विभक्ती कशी लावायची? पुढे ‘शायर’ आलं तर काय? आणि त्या नावाच्या सॉसचं काय करायचं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. वुस्टर लिहा. वु ऱ्हस्व. दोनच अक्षरं उच्चारायची, वुस् आणि टर, आणि जोर पहिल्यावर.

हा घोळ मी स्वतः घातलेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आयुष्यातली बरीच वर्षं एका दैनिकाच्या क्रीडा विभागात गेली, त्यानंतर अनुवाद आणि मुद्रितशोधन. २००६ मध्ये झहीर खान वुस्टरशायर काऊंटीकडून (काऊंटी म्हणजे तिथला जिल्हा) क्रिकेट खेळायला गेला. श्रीरामपूरचा मुलगा, भारतीय संघातून बाहेर फेकला गेलेला, आणि तिकडे जाऊन त्या हंगामात ७८ बळी घेतले. साहजिकच त्याच्या बातम्या आम्ही आवडीने लावायचो. एके दिवशी पहिल्या पानावरच्या चौकटीत मी ‘वुस्टरशर’ लिहिलं आणि आतल्या क्रीडा पानावर सहकाऱ्याने ‘वॉर्सेस्टरशायर’. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वाचकाचा फोन. अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, “झहीर एकाच वेळी दोन काऊंट्यांकडून खेळतोय का हो?” टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. इंग्रजी वाचणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण कसंही म्हणा, अक्षरं तीच दिसतात. देवनागरीत मात्र उच्चार बदलला की शब्दच बदलतो. आपली लिपी काही झाकून ठेवत नाही, आणि म्हणूनच आपल्याला निवड करावी लागते.

आता हे नाव असं विचित्र का, ते पाहू. इंग्रजांचा तऱ्हेवाईकपणा म्हणून सोडून देता येईल, पण त्यात एक गंमत आहे आणि ती आपल्याला ओळखीची आहे.

नावाचे दोन तुकडे. मागचा तुकडा लॅटिन ‘कास्त्रा’ म्हणजे लष्करी तळ, छावणी. रोमन लोक ब्रिटनमधून गेले, त्यांच्या तटबंद्या आणि ओसाड वसाहती मागे राहिल्या. नंतर आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी अशा जुन्या रोमन ठिकाणाला आपल्या भाषेत म्हटलं ‘चेआस्टर’. पुढचा तुकडा त्या भागात राहणाऱ्या ‘वेओगोरा’ नावाच्या टोळीचा. हे नाव इंग्रजांच्याही आधीचं, बहुधा एखाद्या नदीच्या केल्टिक नावावरून आलेलं, आणि त्याचा अर्थ ‘वळणावळणाची’ असा लावला जातो. सन ६९१ मधला उल्लेख आहे ‘वेओगोर्ना किवितास’, म्हणजे वेओगोरांचं नगर. ७१७ मध्ये ‘विग्रान्चेआस्त्रे’. विल्यम राजाने १०८६ मध्ये सगळ्या मुलखाची मोजदाद करवली, त्या वहीत ‘विरेसेस्त्रे’. गावाच्या उत्तरेला वायर फॉरेस्ट नावाचं जंगल आहे, त्या ‘वायर’मध्येही हीच टोळी लपलेली आहे.

या तीन नोंदी ओळीने म्हणून पाहा, नाव कसं झिजत गेलं ते कानाला कळतं. मधला ग गळाला. मग न गळाला. ‘चे’चा ‘से’ झाला, आणि हे नॉर्मन लेखनिकांच्या फ्रेंच वळणाच्या जिभेमुळे झालं असं सर्वसाधारणपणे मानतात. मग मधलं ‘से’ पुढच्या ‘स्’मध्ये विरघळलं. शेवटी र-सुद्धा स-च्या आधी टिकला नाही. राहिलं वुस्टर.

आपल्याकडे हे झालेलं नाही का? प्रतिष्ठानचं पैठण झालं. करहाटकचं कऱ्हाड झालं. शूर्पारकचं सोपारा झालं. बोलणाऱ्यांच्या पिढ्यांनी नाव तोंडात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं. फरक इतकाच की आपण पैठण म्हणायला लागलो तसे पैठण लिहायलाही लागलो. पाटीवर ‘प्रतिष्ठान’ लिहून ‘पैठण’ वाचा असं कुणी सांगत नाही. इंग्रजांनी नेमकं तेच केलं. जीभ पुढे गेली, लेखणी जुन्या जागी थांबली. छापखाना आल्यावर ते लेखन तिथंच गोठलं. म्हणजे वुस्टर हा त्या गावाचा पैठण आहे आणि कागदावरचं इंग्रजी लेखन हे त्याचं प्रतिष्ठान.

म्हणूनच ‘वॉर्सेस्टर’ लिहिणं मला पटत नाही. ते धड जुनं नाही, धड नवं नाही. सातव्या शतकातला माणूस तसं म्हणत नव्हता, आजचाही म्हणत नाही. वर्णमालेतली अक्षरं आपण आपल्या हिशेबाने लावली आणि एक नवंच गाव वसवलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच फुसका नाही. ‘उद्या वाचक नकाशात शोधायला गेला तर?’ आज नकाशे मोबाइलवर आहेत, आणि तिथे मराठीत टाइप केलेलं कसंही चालून जातं, हा भाग सोडा. पण छापील पुस्तकात मी एक करतो. पहिल्यांदा नाव येतं तिथे तळटीप देतो, तीन ओळींची: इंग्रजी अक्षरं अशी, उच्चार असा, पुस्तकभर असंच येईल. सूचीत ‘वॉर्सेस्टर’ही टाकतो, समोर ‘पाहा: वुस्टर’. एवढ्याने काम भागतं. दर उल्लेखाला कंस टाकून रोमन अक्षरं घुसवू नका, पान मुंग्या फिरल्यासारखं दिसतं.

आता ऱ्हस्व-दीर्घ. हा प्रश्न विचारलेला नाही, पण खरी चूक इथेच होते. बरेच जण ‘वूस्टर’ लिहितात. इंग्रजीतला स्वर ‘बुक’, ‘वुड’, ‘वुल्फ’मधला आहे, ‘फूड’मधला नव्हे. दीर्घ लिहिलं की वाचणारा ताणतो आणि गाव कोंबड्यासारखं आरवायला लागतं. शिवाय मराठीचा नियमही आपल्याच बाजूने आहे: जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार सामान्यतः ऱ्हस्व. पुस्तक, शिस्त, विस्तव, भिस्त. त्याच ओळीत वुस्टर. उच्चार आणि व्याकरण दोन्ही एकाच गोष्टीवर सही करतात असं अनुवादात फार क्वचित होतं, तेव्हा ती संधी घालवू नये.

‘वु’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा. आपली सवय अशी की वु आला की व सोडून द्यायचा, ‘वुमन’चं ‘उमन’ आणि ‘वुलन’चं ‘उलन’ होतं. कागदावर याने काही बिघडत नाही, पण ऑडिओबुक करणार असाल तर वाचणाऱ्याला आधी सांगून ठेवा. शेवटचा र-सुद्धा दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीत ऐकू येत नाही, ‘वुस्ट’ आणि एक अर्धवट अ, एवढंच. तरी मराठीत र लिहायचाच. आपण मँचेस्टर लिहितो, सिस्टर लिहितो, डॉक्टर लिहितो, तिथेही इंग्रज र म्हणत नाहीत. सगळा उच्चार लिपीत उतरवायचा हट्ट धरला तर हाती भाषाशास्त्राचं पाठ्यपुस्तक येईल, वाचनीय अनुवाद येणार नाही. मी सीमा अशी आखतो: उच्चाराचे किती अवयव, म्हणजे तुकडे, आणि कोणते स्वर, हे तिथलं, व्यंजनं बोलताना शेवटी गिळायची की नाही, हे आपल्या रूढीचं.

हे एकच गाव असतं तर पाठ करून मोकळं होता आलं असतं. पण याची भावंडं बरीच आहेत आणि तुमच्या पुस्तकात ती येणारच. लेस्टर, ग्लॉस्टर, बिस्टर, टोस्टर, ऑल्स्टर. ही सगळी लिहिताना ‘सेस्टर’ने संपतात आणि बोलताना ‘स्टर’ने. (हो, टोस्टर नावाचं गाव खरोखर आहे, नॉर्दॅम्प्टनशायरमध्ये, आणि पाव भाजायच्या यंत्रासारखंच म्हणायचं.) एक सोपी युक्ती: शब्द ‘वॉर’ आणि ‘सेस्टर’ असा तोडायचा नाही. सी-ई ही अक्षरं पहिल्या तुकड्याला जोडायची आणि ‘स्टर’ वेगळं काढायचं. वॉर्स-स्टर, लेस-स्टर, ग्लॉस-स्टर, बाइस-स्टर. मग दोन स एकमेकांत मिसळतात आणि उच्चार आपोआप जवळ येतो. वुस्टर आणि बिस्टरचे स्वर तेवढे वेगळे लक्षात ठेवायचे. लंडनला खरेदीसाठी जाणारे आपले पर्यटक बिस्टर व्हिलेजला जातात तेव्हा मॅरिलबोन स्थानकात ‘बायसेस्टर’ शोधत बसतात आणि घोषणा चालू असते बिस्टरची. गाडी सुटते ती अशी.

अपवादही आहे, आणि तो लपवून उपयोग नाही. सायरन्सेस्टर हे ग्लॉस्टरशायरमधलं गाव आज पूर्ण उच्चारतात, सगळे अवयव जागच्या जागी. पण पूर्वी तिथेही झीज झालेली होती, जुनी माणसं ‘सिसिटर’ म्हणायची. नंतर शाळा वाढल्या, लोक अक्षरं पाहून बोलायला लागले आणि लेखन जिंकलं. म्हणजे ‘वॉर्सेस्टर’ हा उच्चार काही निसर्गनियमाच्या विरुद्ध नाही. उद्या वुस्टरच्या लोकांनीच तसं म्हणायला सुरुवात केली तर मी निमूटपणे माझी जुनी पानं दुरुस्त करीन. अजून केलेली नाही.

जिथे हा मागचा तुकडा ‘चेस्टर’ राहिला, तिथे उच्चार सरळ आहे: चेस्टर, मँचेस्टर, विंचेस्टर, डॉर्चेस्टर. उत्तरेकडे तो ‘कॅस्टर’ झाला: लँकॅस्टर, डाँकॅस्टर. एक्सेटरमध्ये तर एवढा आक्रसला की ओळखू येत नाही. सगळ्यांच्या पोटात एकच रोमन छावणी.

इंग्रजांना स्वतःला या लेखनाचा त्रास होत नाही असं समजू नका. शेक्सपिअरच्या १६२३ च्या फोलिओत, म्हणजे नाटकांच्या छापील संग्रहात, ग्लॉस्टरच्या उमरावाचं नाव अनेक ठिकाणी जसं उच्चारतात तसंच, ‘ग्लॉस्टर’ म्हणून, मधली अक्षरं गाळून छापलेलं आहे. विमानं बनवणाऱ्या एका कंपनीचं मूळ नाव होतं ग्लॉस्टरशायर एअरक्राफ्ट कंपनी. परदेशी गिऱ्हाइकांना हे नाव म्हणता येईना, म्हणून १९२६ मध्ये त्यांनी सरळ छोटं, उच्चाराप्रमाणे लिहिलेलं ‘ग्लॉस्टर’ घेतलं. धंद्यापुढे इतिहासाने मान तुकवली. अमेरिकेत ओहायो राज्यात वुस्टर नावाचं गाव आहे, त्याचं लेखन अगदी उच्चाराबरहुकूम आहे, कारण ते डेव्हिड वुस्टर या सेनानीच्या आडनावावरून आलं आहे.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरचंही सांगायला हवं, कारण मराठी घरांत हल्ली इंग्लंडपेक्षा त्याचीच चर्चा जास्त. वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट तिथलं, १८६५ पासूनचं, आणि पुण्या-मुंबईची मुलं तिथे शिकायला जातात. लेखन तेच, उच्चारही तोच, फक्त तिथली जुनी माणसं शेवटचा र टाकून ‘वुस्टा’ म्हणतात. मुलाला प्रवेश मिळाल्याचे पेढे वाटताना वडील ‘वॉर्सेस्टर’ म्हणतात आणि सहा महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर मुलगा वुस्टर म्हणायला लागतो. त्याचं इंग्रजी बदललं म्हणून घरचे हसतात. हसू नये. तो बरोबर आहे.

आता ‘शायर’. इथे मी थोडा दुटप्पी आहे, ते कबूल करून टाकतो. गावाचं नाव वुस्टर, त्याच्या काऊंटीचं नाव वुस्टरशायर. इंग्लंडमध्ये ऐकाल तर शेवटी ‘शर’ ऐकू येतं, काही जण ‘शिअर’ म्हणतात. ‘शायर’ असा भरघोस उच्चार नुसता शब्द एकटा आला की होतो. तत्त्वाने चालायचं तर वुस्टरशर लिहायला हवं, आणि मी त्या पहिल्या पानावर तेच लिहिलं होतं. पण यॉर्कशायर, लँकेशायर, हॅम्पशायर ही नावं मराठीत क्रिकेटबरोबर आली आणि पक्की रुजली. आता ‘यॉर्कशर’ लिहिलं तर वाचकाला छपाईची चूक वाटते. म्हणून छापील मजकुरात मी वुस्टरशायर लिहितो, आणि ध्वनिमुद्रण असेल तर निवेदकाला ‘शर’ म्हणायला सांगतो. एका ध्वनिमुद्रणात निवेदक हुशार होता, त्याने ‘वुस्टर’ बरोबर म्हटलं, क्षणभर थांबला आणि मग ‘शायर’ असं म्हणाला की मैफिलीत उर्दू कवीचं आगमन झाल्यासारखं वाटलं. तीन वेळा पुन्हा घ्यावं लागलं, कारण चौथ्या वेळेपर्यंत काचेपलीकडचा तंत्रज्ञ हसत होता.

गाव आणि काऊंटी यांची सरमिसळ मात्र करू नका. अनुवादात हे फार होतं. मूळ इंग्रजी वाक्यात शहर असतं आणि मराठीत काऊंटी येते, किंवा उलट. कॅथीड्रल वुस्टरमध्ये आहे. त्यात जॉन राजाची कबर आहे, तोच तो, १२१५ मध्ये मॅग्ना कार्टा या सनदेवर मोहोर उमटवावी लागलेला आणि पुढच्याच वर्षी वारलेला. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर, जो जगला असता तर हेन्री राजाच झाला नसता, त्याचीही कबर इथेच, १५०२ सालची. ३ सप्टेंबर १६५१ ची वुस्टरची लढाई, जिथे क्रॉमवेलने दुसऱ्या चार्ल्सच्या फौजेचा कायमचा निकाल लावला, तीही शहराच्या नावाने ओळखतात. शेक्सपिअरच्या लग्नाचं १५८२ मधलं हमीपत्र वुस्टरच्या धर्मप्रांताच्या दप्तरातलं. आणि क्रिकेटचा संघ मात्र वुस्टरशायर, जरी त्याचं मैदान वुस्टर शहरात, नदीपलीकडे, कॅथीड्रलच्या समोर असलं तरी. ‘ब्रॅडमनने वुस्टरला द्विशतक केलं’ आणि ‘ब्रॅडमनने वुस्टरशायरविरुद्ध द्विशतक केलं’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत (१९३०, १९३४, १९३८, तिन्ही दौऱ्यांत), पण ‘ब्रॅडमनने वुस्टरविरुद्ध’ म्हटलं की बिघडलं.

विभक्तीचं अवघड काहीच नाही. परकी गावं मराठीत सहसा नपुंसकलिंगी धरतो: जुनं वुस्टर, वुस्टर पडलं, वुस्टर वाचलं. सामान्यरूपाच्या भानगडीत पडायचं नाही. वुस्टरला, वुस्टरचा, वुस्टरहून, वुस्टरमध्ये, सगळं जोडून, मध्ये जागा न सोडता. जुन्या मराठीत ‘लंडनास’, ‘इंग्लंडांत’ असं सर्रास यायचं आणि मला ते आवडतंही, पण ‘वुस्टरात’ म्हटलं की वस्तऱ्याचा भास होतो. ‘मध्ये’च बरं.

तिथल्या रहिवाशांना काय म्हणायचं? हलक्याफुलक्या लेखात मी बेधडक ‘वुस्टरकर’ लिहितो. आपला ‘कर’ कुठेही चिकटतो आणि चिकटल्यावर माणूस लगेच शेजारचा वाटायला लागतो. गंभीर ग्रंथात ‘वुस्टरचे नागरिक’. इंग्रजीत त्यांच्यासाठी ‘विगोर्नियन’ असाही शब्द आहे, विगोर्निया या लॅटिन नावावरून. तुमच्या पुस्तकात मध्ययुगीन इतिहासकाराच्या नावापुढे ‘विगोर्निएन्सिस’ असं काही दिसलं तर दचकू नका, तो वुस्टरचा आहे एवढाच अर्थ. तिथे मराठीत ‘वुस्टरचा’ करा. लॅटिन जसंच्या तसं ठेवलंत तर वाचक नकाशात विगोर्निया शोधत इटलीपर्यंत जाऊन येईल.

मी स्वतः वुस्टरला एकदाच गेलो आहे. पॅडिंग्टनच्या तिकीटखिडकीवर मी, सगळं माहीत असूनही, घाबरून अक्षरांप्रमाणे उच्चार केला. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या नाहीत, चूकही सांगितली नाही. फक्त विचारलं, “वुस्टर? फोरगेट स्ट्रीट की श्रब हिल?” या गावात दोन स्थानकं आहेत, कुठलं हवं ते सांगावं लागतं. दुरुस्ती झाली होती आणि अपमान झाला नव्हता. मुद्रितशोधकाने कशी दुरुस्ती करावी याचा धडा मी त्या खिडकीवर घेतला, आणि नंतर नवख्या लेखकांची मुद्रितं तपासताना पुष्कळदा वापरला.

जाताना एक गोष्ट लक्षात आली. सेव्हर्न नदी वरून येते ती श्रूजबरीला वळसा घालून, मग वुस्टर, मग ग्लॉस्टर, मग समुद्र. एकाच नदीच्या काठावर तीन गावं आणि तिन्हींची नावं परक्याला फसवणारी. पैकी श्रूजबरीच्या उच्चारावर तर खुद्द गावातल्या लोकांचं एकमत नाही, निम्मे ‘श्रोझबरी’ म्हणतात, निम्मे ‘श्रूझबरी’. पुणेकरांनी कयानीच्या बिस्किटांमुळे हा वाद परस्पर मिटवून टाकला आहे. तिथल्या रांगेत उभं राहून ‘श्रोझबरी द्या’ म्हणून पाहा, मागचा माणूस तुम्हाला बाजूला करील.

हे बिस्किटाचं उदाहरण गमतीचं असलं तरी कामाचं आहे. एखादं नाव मराठीत आपल्या मार्गाने येऊन, खाल्लं-प्यायलं जाऊन, रुळलेलं असेल तर त्याला हात लावू नये. पुण्याची श्रूजबेरी ही पुण्याची वस्तू आहे, तिचा उच्चार पुण्याने ठरवायचा. तसंच लंडन. इंग्रज ‘लंडन्’ म्हणताना दुसरा स्वर अगदी पुसट करतो, आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण वॉर्सेस्टर तसं रुजलेलं नाही. त्याच्यामागे ना बखर, ना बिस्किट, ना लोकांच्या तोंडची शंभर वर्षं. ते फक्त वाचनातून आलेलं आहे, तेही अडखळत. अशा नावाला आत्ताच नीट वळण लावता येतं. संपादकांना हे सांगून पाहा.

सुटिंगच्या कापडावरचा ‘वर्स्टेड’ हा शब्द मात्र याच जातीचा असून हातचा निसटलेला आहे. नॉरफोकमधल्या एका खेड्याच्या नावावरून तो आला, सुरुवात डब्ल्यू-ओ-आर-एस-टी अशी, आणि ब्रिटनमध्ये त्याचा उच्चार आहे ‘वुस्टिड’. र गेला, स्वर वु झाला, अगदी वुस्टरसारखंच. पण आपल्याकडे कापडाच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस वर्स्टेड म्हणतो, शिंपीही तेच म्हणतो, आणि सूट तर उत्तम शिवून मिळतो. तिथे मी वाद घालत नाही.

राहिला सॉस. जॉन ली आणि विल्यम पेरिन्स या वुस्टरच्या दोन औषधविक्रेत्यांनी १८३७ मध्ये तो बाजारात आणला. लॉर्ड सँडिस नावाच्या बंगालच्या कुणा माजी गव्हर्नराने पाककृती दिली वगैरे कथा खूप चालते, पुस्तकात असली तर तळटिपेत ‘आख्यायिका’ म्हणा, कारण त्या नावाचा गव्हर्नर बंगालला झालेलाच नाही. पण भारताची एक खरी खूण त्यात आहेच: चिंच. शिवाय व्हिनेगर, काकवी, कांदा, लसूण आणि मुरवलेले अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातले मासे. शाकाहारी वाचकांसाठी पाककृतीचं पुस्तक करत असाल तर हे जरूर लिहा. आपल्याकडे मासे न घातलेला सॉसही मिळतो, पण बाटली उलटी करून वाचावी लागते. १८७६ मध्ये न्यायालयाने या नावावर एकट्या ली आणि पेरिन्स यांचा हक्क मानला नाही, म्हणून आज कुणीही या नावाने सॉस विकू शकतो.

बाटलीवर ‘वुस्टरशायर सॉस’ असं लांबलचक छापलेलं असतं. इंग्लंडमध्ये घराघरांत मात्र त्याला नुसतं ‘वुस्टर सॉस’ म्हणतात, शायर कुणी लावत नाही. मराठीत तेच घ्या. लहान आहे, बरोबर आहे, आणि कृतीच्या मध्यावर ‘दोन चमचे’च्या पुढे डोळ्याला अडत नाही.

दुकानात मागताना मात्र जपून. परवा आमच्या जवळच्या सुपरमार्केटमध्ये मी मोठ्या तोऱ्यात ‘वुस्टर सॉस’ मागितला. पोरगा चटपटीत होता. “आहे ना काका,” म्हणाला आणि मागच्या कपाटातून ऑयस्टर सॉसची बाटली घेऊन आला. मी म्हटलं, ऑयस्टर नव्हे, वुस्टर. त्याने बाटली पाहिली, मला पाहिलं, पुन्हा बाटली पाहिली. शेवटी मीच कपाटापाशी गेलो आणि बोटाने दाखवलं. “हां, वॉरचेस्टर!” तो म्हणाला. “आधी बोलायचं ना.”